जुन्याला पाच दिवस

"कुणासाठी?"

काम कुठलंही सांगा, सरांचा पहिला शब्द हाच. चष्मा कपाळावर सरकवायचे, डाव्या हाताची दोन बोटं टेबलावर टेकवायचे आणि विचारायचे, "कुणासाठी?" चहा मागवू का म्हटलं तरी तेच. मी म्हणायचो, "तुमच्यासाठी, सर. आणखी कुणासाठी?" मग "असं होय" म्हणून ते खुर्ची ओढून बसायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो निघून जातो आणि त्याचा एखादा शब्द तुमच्या तोंडात तसाच राहतो. माझ्या तोंडात हा राहिलाय. परवा बायकोनं बाजारातून भाजी आणायला सांगितली तर मी विचारलं, "कुणासाठी?" ती नुसती बघत राहिली.

माझं दुकान उमरग्यात, हायवेला लागून. वजनकाटे विकतो, दुरुस्तही करतो. सुरुवात सायकलवर केली होती. मागं लोखंडी तराजू, पुढच्या पिशवीत वजनं, आणि आठवड्याचे सगळे बाजार. कुणी शिकवलं नाही, कुणी ओळख काढून दिली नाही. स्वभाव तापट आहे, हे मीच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्यानं सांगायला नको. घासाघीस केल्याशिवाय मला वस्तू घेतल्यासारखी वाटत नाही आणि दिल्यासारखीही वाटत नाही. समोरचा लगेच हो म्हणाला की माझा दिवस खराब जातो. कुठंतरी फसलो, असं वाटत राहतं.

हायवेला दुकान असल्याचा एक त्रास आहे. भरलेला ट्रक गेला की जमीन हलते आणि मांडलेले सगळे काटे दचकतात. वर काही नसताना दहा ग्रॅम, वीस ग्रॅम असे आकडे उमटतात आणि परत शून्य होतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं काट्यातच खोट आहे. पहिल्या दिवशी सरांनाही ते दिसलं होतं. ते म्हणाले, "चांगला काटा आहे. बाहेरचं पण ऐकतो."

ते आले होते दवाखान्याचा काटा घेऊन, लहान बाळं तोलतात तो. दवाखान्याच्या मागच्या खोलीत ते भाड्यानं राहायचे. डॉक्टरांनी म्हटलं असेल, सर, जाताजाता एवढं टाका, आणि ते बगलेत मारून घेऊन आले. पंचेचाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, पायात साधी चप्पल. मी काटा उघडला, साफ केला, आणि खात्री करून घ्या म्हणून किलोचं वजन पुढं केलं. त्यांनी ते घेतलंच नाही. आपला तळहात काट्यावर ठेवला आणि आकड्याकडं बघत बसले. हात जरा जड करायचे, मग हलका करायचे.

मी म्हटलं, "हाताचं वजन कधी एकसारखं भरत नाही, सर. हे घ्या की."

"वजनाचं तुम्ही बघा. मी माणसाचं बघतो."

मला राग आला होता. पण त्या दिवशी आधीपासूनच माझं डोकं फिरलेलं होतं. त्याचं कारण दुकानातला कॉम्प्युटर.

भूम-परंड्याकडच्या दूध संकलन केंद्रांसाठी आणि ईट गावाच्या बाजूच्या खव्याच्या भट्ट्यांसाठी मी बोलणारा काटा काढला होता. काटा साधाच. त्याला एक फोन जोडायचा आणि फोन मोठ्यानं वजन सांगायचा. "चार किलो सातशे." रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जायचं. आकडा बघायला चष्मा नको, वाचता यायला नको, आणि मापात मारलं अशी कुरबुर नको. वर काही नसेल तर फोन सांगायचा, "काटा रिकामा आहे." ही युक्ती माझी. ॲप मात्र पुण्याच्या एका माणसाकडून करून घेतलं होतं. त्यानं एक फोल्डर दिलं, वर्षभर फोन उचलला, मग उचलेनासा झाला. आणि तेवढ्यात बाजारात नवे फोन आले आणि त्यांच्यावर माझा काटा मुका झाला.

हे तुम्हाला थोडक्यात सांगतो, मलाही ते सरांनीच समजावलं. ॲपच्या पोटात एक भाग असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. काट्याची खूण ओळखणारा आणि आकडा बोलणारा तोच. तो बनवायचा कॉम्प्युटरवर, पण चालायचा फोनवर. आणि बनवताना कॉम्प्युटरला जे हुकूम एकामागून एक द्यायचे, त्यांची यादी एका फायलीत लिहिलेली असते. ती स्क्रिप्ट. पुणेकरानं दिलेली स्क्रिप्ट मी चालवली की पडद्यावर शंभर ओळी सरकायच्या, शेवटी "झालं" अशा अर्थाचं इंग्रजी यायचं, आणि ते फोनमध्ये घातलं की फोन ढिम्म.

मी सरांना म्हटलं, "प्रत्येक फोनच्या जातीप्रमाणं वेगळं बनवावं लागतं म्हणे."

"जात म्हणू नका, शेठ. प्रोसेसर म्हणा," ते म्हणाले. हसले नाहीत. मी मात्र जीभ चावली. ते बौद्ध घरातले, ईटच्या पलीकडच्या एका खेड्यातले, हे मला नंतर कळलं. पण जीभ तेव्हाच चावली होती.

मग ते माझ्या खुर्चीवर बसले, सगळ्या ओळी खालून वर वाचत गेले आणि विचारलं, "हे बनवताय कुणासाठी?"

"फोनसाठी."

"मग ही स्क्रिप्ट कॉम्प्युटरला का विचारतेय, तू कोण?" त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. ज्या मशीनवर बसलीय त्याच मशीनला विचारतेय, अन् त्याच्याच मापाचं शिवतेय. शिंप्यानं शर्ट शिवायचा गिऱ्हाइकाचा, अन् टेप लावायची स्वतःच्या छातीला."

"मग पुण्यात कसं चालत होतं?"

"तिथं शिंपी अन् गिऱ्हाईक योगायोगानं एकाच अंगाचे असतील."

एवढी ओळ त्यांनी दुरुस्त केली तरी गाडी पुढं जाईना. स्क्रिप्ट दुसऱ्याच ठिकाणी अडली. ते बराच वेळ बघत बसले आणि मग म्हणाले, "तुमच्या नावात मोकळी जागा आहे."

"माझ्या नावात?"

"फोल्डरच्या. 'बोलणारा काटा' लिहिलंय ना तुम्ही? मधी जागा सोडलीत. स्क्रिप्ट 'बोलणारा' म्हणून थांबतेय, अन् 'काटा' हा दुसराच कुणी माणूस समजतेय. त्याला शोधत बसलीय."

त्यांनी मधे आडवी रेघ मारून दोन शब्द जोडले, आणि ती पुढं गेली. मला त्या गोष्टीचा इतका धसका बसला की पुढं दुकानाची पाटी रंगवायला दिली तेव्हा मी पेंटरला बजावलं, शब्दांत जागा सोडायची नाही. त्यानं सोडली नाही. पाटी अजून तशीच आहे, सगळी अक्षरं एकमेकांना चिकटलेली. लोक वाचता वाचता अडखळतात.

अशी आमची ओळख झाली. कॉलेजात ते तासावर शिकवायचे, तास संपला की माझ्याकडं यायचे. पैशाबद्दल ते कधी तोंड उघडायचे नाहीत, द्याल ते ठीक. त्यामुळं माझी मोठी पंचाईत झाली. घासाघीस करायची कशावर? मग मला एकच गोष्ट सापडली. दिवस.

"किती दिवस लागतील, सर?"

"पाच."

"तीन करा."

"पाच."

"चला, तुमचं नको माझं नको. चार."

"पाच."

आवाज चढवायचे नाहीत, कारण सांगायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, पाच. आणि मी तोंडानं "बरं, पाच" म्हणेपर्यंत कामाला हात लावायचे नाहीत. बसून राहायचे. मी चिडायचो, आत जाऊन यायचो, गिऱ्हाईक करायचो. ते तिथंच, दोन बोटं टेबलावर टेकवून. शेवटी मी म्हणायचो, "बरं बाबा, पाच." की लगेच चष्मा डोळ्यांवर आणि बोटं चालू. आणि पाचव्या दिवशी काम हातात. चौथ्या नाही, सहाव्या नाही. एवढ्या वर्षांच्या धंद्यात माझ्यासमोर असा पक्का माणूस दुसरा बसला नाही. खरं सांगायचं तर ते येणार असले की सकाळपासूनच मला हुशारी यायची. आज चारवर आणतो म्हणायचो. एकदाही जमलं नाही.

काम झालं तरी ते झालं म्हणायचे नाहीत. माझा कॉम्प्युटर झालं म्हणाला की मी उठायचो. ते म्हणायचे, "बसा. याच्या म्हणण्यावर जाऊ नका. हे इथं बनलंय. चालायचं तिथं आहे. तिथं जाऊन ऐकल्याशिवाय झालं म्हणायचं नाही."

त्यांच्या खोलीवर मी एकदाच गेलो. एक खाट, एक टेबल, पुस्तकं, भिंतीवर कोटातला तो एकच फोटो, ताजा हार. कप दोन होते, पण एकाच्या तळाला धूळ होती. तो त्यांनी माझ्यासाठी विसळला. बायकोचं विचारलं तर म्हणाले, "ती नागपूरला. नोकरी आहे तिची." त्यापुढं मी विचारलं नाही. मग काय वाटलं कुणास ठाऊक, चहा गाळता गाळता त्यांनी स्वतःच हैदराबादचं काढलं. बारा वर्षं एका मोठ्या कंपनीत होते. हेच काम, एका मशीनवर दुसऱ्या मशीनसाठी बनवायचं. एका सकाळी गेले तर दारावरचं कार्ड चालेना. "मला वाटलं कार्ड खराब झालंय. मी पुसलं, परत लावलं. मागं लाइन लागली होती. मागच्यानं सांगितलं, सर, तुमचं नाव काढलंय."

"मग तुम्ही काय म्हणाला?"

"काय म्हणणार. बाजूला झालो. मागच्यांना उशीर होत होता."

हे त्यांनी उमरग्यात आणखी कुणाला सांगितलं नव्हतं. तसं ते म्हणालेही. मी म्हटलं, "माझ्या पोटात राहील."

आता मूळ गोष्टीवर येतो.

भूमकडच्या एका दूध संघाचे चेअरमन माझ्या दुकानात आले. शुक्रवार होता. बहुतेक केंद्रांना त्यांनी नवे फोन दिले होते, थोडी केंद्रं राहिली होती. "काय शेठ, तुमचा काटा आमच्या फोनपुढं मुका झालाय म्हणं. बोलता करायलाव का दुसरा बघू?" सगळ्या केंद्रांचं काम हातातून जाणार होतं. मी म्हटलं, "सोमवारी बोलेल."

सर कोपऱ्यात बसले होते. बाजारात आता आणखी नवे फोन आले होते आणि त्यांच्यासाठी ॲप बनवायचं काम त्यांनी हातात घेतलंच होतं. ते म्हणाले, "नव्या फोनवर सोमवारी बोलेल. जुन्यावर बुधवारी."

"जुन्याचं काय करायचंय?" चेअरमन म्हणाले. "आज ना उद्या फेकायचेच हायत ते."

"किती आहेत?"

"असतील नऊ."

मी म्हटलं, "नऊ फोनांसाठी कुठं थांबता, सर? सोडून द्या."

ते मला शांतपणे सांगायला लागले. नव्या फोनसाठी बनवायची अवजारं नवी असतात आणि ती जुन्या फोनसाठी बनवायचं आता बंद झालंय. म्हणून जुन्यासाठी जुनी अवजारं शोधून, ती या कॉम्प्युटरवर बसवून, दोन्ही एकमेकांत मिसळणार नाहीत अशी स्क्रिप्ट लिहावी लागेल. "आज त्या नऊ ठिकाणी काटा बोलतोय. आपण नुसतं नव्याचं पाठवलं की ॲप बदलेल, अन् तिथं मुका होईल. चालू असलेलं आपण बंद पाडायचं का?"

"तीन दिवस," मी म्हटलं. "दोन्हीला मिळून."

"नव्याला तीन. जुन्याला पाच."

"तीन."

"पाच."

इतर वेळी मला याची मजा वाटली असती. त्या दिवशी चेअरमन बघत होते. ते माझ्याकडं बघून मिशीत हसले आणि म्हणाले, "शेठ, तुमच्या दुकानात मालक कोण हाय?"

तेवढं पुरलं. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "हैदराबादवाल्यांनी तुम्हाला का काढलं, ते आता कळलं मला. कार्ड उगाच बंद करत नाही कुणी."

चेअरमन हसले. सरांनी कपाळावरचा चष्मा खाली डोळ्यांवर घेतला. माझ्याकडं बघितलं, मग चेअरमनांकडं, मग परत माझ्याकडं.

"हे कुणासाठी बोललात, शेठ?"

एवढंच. बाहेरून ट्रक गेला, काटे दचकले. त्यांनी पिशवी उचलली, चेअरमनना वाट द्यायला बाजूला झाले आणि गेले.

सोमवारी सकाळी मी दुकान उघडायच्या आधी समोरच्या चहावाल्यानं एक पाकीट आणून दिलं. "सरांनी दिलंय." आत पेनड्राइव्ह. नव्या फोनवर काटा बोलला, चेअरमन खूश, काम हातात राहिलं. बुधवारी दुसरं पाकीट, तेही चहावाल्याकडंच. आत जुन्यासाठी केलेलं आणि वहीचं एक पान. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: "स्क्रिप्ट चालवली की ती विचारेल. उत्तर नवा किंवा जुना. झालं म्हणाली तरी विश्वास ठेवू नका. तिथं नेऊन ऐका."

मी कॉम्प्युटरवर चालवून बघितली. आधीची इंग्रजी बडबड नाहीशी झाली होती. काळ्या पडद्यावर एकच शब्द आला. कुणासाठी?

आता माझी तक्रार ऐका. मी बोललो ते वाईट होतं, हे मला ते रस्ता ओलांडायच्या आत कळलं होतं. पण मी गरम डोक्याचा माणूस आहे, हे त्यांना माहीत नव्हतं का? त्यांनी मला दोन शिव्या द्यायच्या होत्या. चारचौघांत माझी अब्रू काढायची होती, तीही काढण्यासारखी आहे. मी त्याला उत्तर दिलं असतं, त्यांनी त्याला दिलं असतं, आणि कुठंतरी मधे भाव तुटला असता. भांडण म्हणजे तरी काय, घासाघीसच. त्यांनी तीच करू दिली नाही. काम मात्र वेळेवर दिलं, म्हणजे मला त्यांच्या नावानं ओरडायलाही जागा ठेवली नाही. माफी मागायला जावं तर कशाच्या निमित्तानं? रोज वाटायचं, आज नाही, उद्या दवाखान्याच्या काट्याचं काहीतरी निघेल. काटा मी इतका चांगला दुरुस्त केला होता की तो बिघडेना.

सव्वा महिना गेला. मग मीच उठून गेलो, काटा तपासायचाय म्हणून. कंपाउंडर म्हणाला, "सर व्हय? गेले की. आठ दिवस झाले."

"कुठं?"

"हैदराबाद म्हणले. का नागपूर. म्या नीट ऐकलं न्हाय."

मागच्या खोलीला कुलूप होतं. खिडकीच्या कट्ट्यावर एक कप उपडा घातलेला. दोनातला कुठला, ते ओळखू आलं नाही.

फोन दोनदा लावला. पहिल्यांदा त्यांनी उचलला नाही. दुसऱ्यांदा रिंग जायच्या आत मीच बंद केला.

पण डोक्यात एक गोष्ट राहिली. उगाच कुणी दोन दिवस जास्त घालत नाही. मी धंदेवाला माणूस आहे, जिथं हट्ट असतो तिथं मतलब असतो, एवढं मला कळतं. ते ईटकडचे. त्या नऊ जुन्या फोनांत एखादा त्यांच्या गावचा असणार. आई दूध घालत असेल, बहीण असेल, चुलता असेल. ते सापडलं की हिशेब चुकता, असं मला वाटलं. ते त्यांच्या माणसासाठी भांडले, मी माझ्या धंद्यासाठी बोललो. फिटंफाट. मग फोन लावायला अडचण नव्हती.

चेअरमनकडून नऊ केंद्रांची यादी घेतली आणि गाडी काढली. आधी थेट सरांच्या गावी गेलो. तिथल्या केंद्रावर नवा फोन होता. पहिल्या वाटपातच मिळालेला. मी सरांचं नाव सांगून विचारलं, यांचं घर कुठलं. एकानं विहाराकडं बोट केलं. विहाराच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते.

"त्यो व्हय. लई हुशार पोरगं," ते म्हणाले. "आईबाप गेले त्याचे. घराला कुलूप हाय. पहिलं जयंतीला यायचा. आता न्हाय येत."

"बहीणभाऊ? चुलतभाऊ?"

"कुणी न्हाय इथं. तुम्ही कोण त्याचे?"

"काटेवाला," मी म्हटलं.

तिथून तीन कोसांवर यादीतलं एक केंद्र होतं. एका पत्र्याच्या खोलीत, चालवणारी साठीच्या पुढची बाई. गावात सगळे मावशी म्हणतात. काट्याजवळ दोरीनं बांधलेला जुना फोन, काच तडकलेली, वर चिकटपट्टी. मी काटा तपासायच्या निमित्तानं बसलो.

"बोलतो का नीट, मावशी?"

"न बोलायला काय झालं? तुमचे मास्तर येऊन ऐकून गेले की."

"कोण मास्तर?"

"चष्मा कपाळावर घालणारे. एस्टीनं आलते, मंगळवारी. म्या म्हणलं, काय तपासायचं ते तपासा, पर फोन न्यायचा न्हाय. ते म्हणले, न्यायला न्हाय आलो, ऐकायला आलोय."

मंगळवार. म्हणजे दुकानातून गेल्यावर चौथा दिवस.

"मग काय केलं त्यांनी?"

"काय न्हाय. काट्यावर हात ठिवला अन् बसले. हात जड करायचे, फोन बोलायचा. हलका करायचे, फोन बोलायचा. लई येळ. म्या म्हणलं, मास्तर, हाताचं दूध निघायलंय का? तर हसले." मावशी स्वतःच हसल्या. "मग इचारलं, मावशी, कळतंय का नीट? म्या म्हणलं, व्हय, कळतंय. मला कुठं वाचता येतंय, कानानंच चालवते मी. चहा घेतला. अजून दोन गावं करायचीत म्हणले."

"आणखी काही म्हणाले?"

"म्या इचारलं, कुणाकडनं आलाव? तर तुमच्या दुकानाचं नाव सांगितलं. उमरग्याचे शेठ, त्यांनी पाठवलंय म्हणले."

मी पाठवलं नव्हतं. मी तर सोडून द्या म्हटलं होतं. मावशींनी मला चहा दिला. त्यांची आणि सरांची काही ओळख होती का, काही नातं, गावचा काही संबंध, हे मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून बघितलं. शेवटी त्या वैतागल्या. "कुठलं नातं? पहिल्यांदाच बघितले म्या. तुम्ही काय सोयरीक जुळवायलाव का?"

उरलेल्या आठ ठिकाणीही गेलो. त्यातल्या एका केंद्राला कुलूप होतं. मावशींचं धरून बाकी आठही ठिकाणी सर येऊन गेले होते. दोन जागी तर एस्टी जात नाही. कुठंच त्यांचं कुणी नव्हतं.

तिथंच माझी पंचाईत झाली. मतलब सापडला असता तर मी त्यांना फोन केला असता. तो न सापडल्यामुळं फोन करायला तोंड उरलं नाही. आता तो नंबर लागतही नाही.

नऊ जुने फोन हळूहळू कमी झाले. एकाचं बटण गेलं, एक पाण्यात पडला, बाकीचे चेअरमननी बदलून दिले. मला दर वेळी कळवत नसत, पण मी विचारून घ्यायचो. शेवटचा मावशींचा. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या नातवानं त्यांना नवा आणून दिला. मी गेलो आणि जुना मागितला.

"काय करायचाय तुम्हाला फुटका फोन?"

"असू द्या. द्या."

त्यांनी दोरी सोडली आणि दिला. फुकटाची वस्तू घेतानाही मी कधी दोन शब्द केल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी राहिलो.

काल दुपारी दुकानात कुणी नव्हतं. ॲपमध्ये थोडा बदल करून घेतलाय, आता धाराशिवचं एक पोरगं करून देतं, चांगलं करतं, आणि किती दिवस लागतील विचारलं की म्हणतं, "तुम्ही म्हणाल तेवढे, काका." नव्या फोनसाठी बनवायला मी स्क्रिप्ट चालवली. काळ्या पडद्यावर तो शब्द आला आणि त्याच्यापुढं कर्सरची रेघ लुकलुकत राहिली.

कुणासाठी?

मी "नवा" लिहायला हात पुढं केला आणि लिहिलं "जुना."

जुन्या अवजारांनी बनवायला वेळ लागतो. ओळी सरकत राहिल्या. मग आलं: झालं. तिथं नेऊन ऐका.

तिथं म्हणजे कुठं, असं आता काही उरलेलं नाही. मी खणातून मावशींचा फोन काढला, चार्जिंगला लावला, नवीन बनलेलं त्यात घातलं आणि टेबलावरच्या काट्याला जोडला. समोरची सरांची खुर्ची मी हलवलेली नाही, गिऱ्हाइकाला दुसरी देतो. हायवेवरून भरलेला ट्रक गेला.

"दहा ग्रॅम," फोन म्हणाला.

ट्रक लांब गेला.

"काटा रिकामा आहे."

मी दोन बोटं टेबलावर टेकवून बसलो होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"बरं," मी म्हटलं. "पाच."